दिवाळी झाली की लेकीचा फोन कमी होतो

 

मागच्या भागात आपण कर्जाचे हप्ते वेळेवर का भरायचे यावर बोललो. आजचा विषय पैशाचा नाही, पण सुरुवात मात्र एका कर्जाच्या अर्जापासूनच होते. आज आपण बोलणार आहोत हिवाळ्यात येणाऱ्या उदासीवर, आणि त्या उदासीवर उजेडानं केल्या जाणाऱ्या उपचारावर. तुम्ही म्हणाल, हिवाळा तर आपला सगळ्यात सुखाचा काळ. हरभऱ्याचा घाटा, ज्वारीचा हुरडा, बोरं, तिळगूळ. हिवाळ्यात कोण उदास होतंय? आम्हालाही तसंच वाटत होतं. म्हणूनच आमची चूक झाली. ती चूक आज आम्ही तुमच्यापुढे सांगणार आहोत.

ज्यांची ही गोष्ट आहे त्या आमच्या गटातल्या एक काकू. त्यांनी आणि त्यांच्या लेकीनं सांगितलंय, नाव घेऊ नका, पण सांगा जरूर. दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली. गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, वसुली झाली, कर्जाच्या मागणीचा विषय आला. काकूंनी पाच हजार मागितले. काकूंचा हप्ता कधी चुकलेला नाही, आणि सहसा त्या कर्ज मागतही नाहीत. सचिव ताईंनी वही उघडून विचारलं, "कारण काय लिहू?" काकू म्हणाल्या, "लिही घरची अडचण." आमच्या गटाचा नियम आहे, कारण मोघम लिहायचं नाही. पण काकूंचा चेहरा बघून आम्ही तेव्हा गप्प बसलो. बाकीच्या उठून गेल्यावर चौघीजणी मागे थांबलो. तेव्हा काकू बोलल्या. लेकीसाठी शांत करायची होती. कुणीतरी सांगितलं होतं, तिच्यावर कुणाची तरी वाईट नजर आहे.

लेक कॅनडात. एडमंटन नावाचं शहर आहे, तिथं. जावई तिथं नोकरीला, चार वर्षांचा मुलगा. पोरगी शिकलेली, बोलकी. इथं असताना गल्लीतल्या लग्नात हळदीला पहिली नाचणारी. आणि आता काकू सांगत होत्या, "फोनच करत नाही. आपण केला तर अंथरुणातून बोलती. अंघोळ नाही, वेणी नाही. दहा-बारा तास झोपती आणि तरी म्हणती, अंगात जीव नाही. सारखा भात, बटाटा, बिस्किटं खाती. अंगानं सुटलीय. पोराला टीव्हीपुढे बसवती. जावई बिचारे स्वयंपाक करून कामाला जातात."

आता आमची चूक. ह्याच्या आधी महिनाभर, एका बैठकीत काकूंनी तिला व्हिडिओ कॉल लावला होता. आम्ही सगळ्यांनी फोनभोवती गर्दी केली. आणि काय बोललो आम्ही? एकजण म्हणाली, "तुला कशाची कमी आहे गं? घरात हीटर, दारात गाडी." दुसरी म्हणाली, "आम्ही इथं उन्हातान्हात खुरपतो, आमच्याकडं बघ." तिसरी म्हणाली, "कामात राहा, मन रमव, असले नखरे करू नये." पोरगी हसली. "हो मावशी, हो काकू" म्हणाली. फोन ठेवला. त्यानंतर अकरा दिवस तिनं आईचा फोन उचलला नाही.

आम्ही वाईट हेतूनं बोललो नव्हतो. पण जिचा पाय मोडलाय तिला 'चाल की जरा' म्हणावं, तसं ते बोलणं होतं. तुमच्यापैकी किती जणींनी असं कुणाला ना कुणाला ऐकवलं असेल, ते ज्याचं त्यानं आठवावं.

तर त्या दिवशी आम्ही काकूंना विचारलं, "हे कधीपासून?" काकूंना नेमकं आठवेना. मग म्हणाल्या, "थांबा, कॅलेंडर बघू."

काकूंच्या घरच्या कॅलेंडरवर सगळा संसार लिहिलेला असतो. दूध किती घातलं, सिलिंडर कधी लावला, म्हैस कधी भरवली. आणि लेकीचा फोन आला की त्या दिवशी कोपऱ्यात एक छोटा 'फो'. आदल्या वर्षीचं कॅलेंडरही दुधाच्या हिशेबासाठी माळ्यावर गुंडाळून ठेवलेलं होतं. ते काढलं. दोन्ही कॅलेंडरं जमिनीवर शेजारी शेजारी पसरली आणि आम्ही 'फो' मोजायला बसलो.

आदल्या वर्षी सप्टेंबरात जवळजवळ रोज फोन. ऑक्टोबरात वीस. नोव्हेंबरात नऊ. डिसेंबरात चार. जानेवारीत तीन. फेब्रुवारीत सहा. आणि होळी झाली की पुन्हा रोज. नंतरच्या पानांवरही तसंच. सप्टेंबरात रोज, नोव्हेंबरात आठ, डिसेंबरात पाच.

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. मग आमच्यातली एक सून हळूच म्हणाली, "काकू, करणी काय कॅलेंडर बघून येती का?"

आमच्या गटातल्या एका बाईला पूर्वी जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात नेलं होतं. तिथल्या समुपदेशक ताईंचा नंबर होता. त्यांना फोन लावून दोन्ही वर्षांचे आकडे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "थंड देशांत हिवाळ्यात येणारं नैराश्य असतं. ते त्याच महिन्यांत येतं आणि त्याच महिन्यांत जातं. मुलीला तिथल्या डॉक्टरकडे जायला सांगा. आणि दोन्ही वर्षांचं सांगायला सांगा, ते फार महत्त्वाचं आहे."

त्या रात्री साडेआठला काकूंनी फोन लावला. आपले रात्रीचे साडेआठ म्हणजे तिकडं सकाळचे आठ. जावयांनी फोन खिडकीकडे धरला. सकाळचे आठ वाजलेत आणि बाहेर मिट्ट काळोख. काकूंनी ह्या खेपेला उपदेश केला नाही. एवढंच म्हणाल्या, "बाई, मागच्या साली पण तुझं असंच झालं होतं. होळीनंतर तू बरी झालीस. माझ्याकडं लिहून ठेवलंय."

पोरगी बराच वेळ बोलली नाही. मग रडली. म्हणाली, "आई, मला वाटलं मीच आळशी झालेय." आणि मग हळूच म्हणाली, "कधी कधी वाटतं, झोपावं आणि उठूच नये."

मैत्रिणींनो, हे वाक्य कानावर आलं की पुढचं सगळं बाजूला ठेवायचं. काकूंनी तेच केलं. 'असं अभद्र बोलू नको' म्हणून तोंड बंद केलं नाही. फोन ठेवला नाही. तिला बोलू दिलं आणि जावयांना लगेच सांगितलं, आज हिला एकटी सोडू नका, दवाखान्यात न्या. जावयांनी सुट्टी टाकली आणि त्याच दिवशी तिला डॉक्टरकडे नेलं.

आता हा आजार काय आहे, ते समजून घेऊ.

आपली पृथ्वी कललेली आहे. त्यामुळे उत्तरेकडे जितकं वर जावं तितका हिवाळ्यातला दिवस लहान होतो. आपल्याकडे डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवससुद्धा जवळपास अकरा तासांचा असतो. एडमंटनला तो साडेसात तासांचा. सूर्य उगवतो पावणेनऊच्या पुढे आणि सव्वाचारला मावळतो. बाहेर उणे वीस अंश थंडी. म्हणजे कामाला जाणारा माणूस अंधारात निघतो आणि अंधारात परत येतो. घरात राहणारी बाई दाराबाहेर पाऊलच टाकत नाही. आपल्या पोरीनं आयुष्यभर अंगणात दात घासले, उन्हात वाळवणं घातली. तिला हा अंधार कधी माहीतच नव्हता.

ह्या आजाराचा शोध कसा लागला, तेही ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेत हर्बर्ट कर्न नावाचे एक अभियंता होते. त्यांना दर हिवाळ्यात खोल उदासी यायची आणि वसंत ऋतूत जायची. त्यांनी काय केलं, तर कित्येक वर्षं आपल्या मनाचे चढउतार वहीत टिपून ठेवले. तो हिशेब घेऊन ते अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या शास्त्रज्ञांकडे गेले. १९८० साली तिथल्या आल्फ्रेड लेवी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं की, प्रखर उजेडानं माणसाच्या शरीरातलं रात्रीचं एक रसायन बनायचं थांबतं. मग कर्न यांना हिवाळ्यात पहाटे आणि संध्याकाळी तेजस्वी दिव्यांपुढे बसवलं. थोड्याच दिवसांत त्यांची उदासी हटू लागली. त्याच संस्थेत दक्षिण आफ्रिकेहून आलेले डॉक्टर नॉर्मन रोझेन्थल होते. त्यांनाही अमेरिकेतल्या हिवाळ्यात आपलं मन खाली जातंय असं जाणवलं होतं. त्यांनी आणि सोबत्यांनी अशा अनेक रुग्णांचा अभ्यास करून १९८४ साली ह्या आजाराला नाव दिलं, सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर. आपण त्याला हिवाळी नैराश्य म्हणू. बघा, एका माणसानं वहीत लिहून ठेवलं, त्यातून वाट निघाली. आमच्या काकूंनीही दुसरं काय केलं?

आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं. डोळ्यांत सकाळचा उजेड शिरला की ते घड्याळ शरीराला सांगतं, उठा, दिवस झाला. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचं रसायन वाढतं आणि झोप येते. सकाळी उजेडच मिळाला नाही तर हे घड्याळ मागे पडतं. शरीर उठलेलं, पण आतून रात्रच चाललेली. सगळ्यांनाच हा त्रास होतो असं नाही. पण काहींना होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो.

ह्याची लक्षणं नेहमीच्या नैराश्यापेक्षा थोडी वेगळी. नैराश्यात बहुतेक वेळा झोप उडते, जेवण जात नाही. हिवाळी नैराश्यात उलट झोप फार येते, भात-पाव-गोड फार खावंसं वाटतं, वजन वाढतं, हातपाय जड होतात, कुणाला भेटू नये असं वाटतं. म्हणून बघणाऱ्याला वाटतं, ही आळशी झाली, सुखावली. आम्हालाही तसंच वाटलं होतं.

तिथल्या डॉक्टरांनी तिला विचारलं, हे दरवर्षी होतं का? आईनं सांगितलेले आकडे तिनं पुढे ठेवले. मग रक्त तपासलं, थायरॉईड बघितलं. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारलं. एकदम चढून जाण्याचा, न झोपता धावपळ करण्याचा आजार पूर्वी झाला होता का, डोळ्यांचा काही आजार आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत का, तेही विचारलं. आणि मग उजेडाचा दिवा सांगितला. पहिले काही आठवडे समुपदेशनाला आणि तपासणीलाही बोलावलं.

हा दिवा कसा असतो? दूध आपण लिटरमध्ये मोजतो, तसा उजेड 'लक्स' ह्या मापात मोजतात. आपल्या घरात रात्री बल्ब लावला तर शंभर-दोनशे, फार तर तीनशे लक्स. हा दिवा दहा हजार लक्सचा. वहीच्या पाठीएवढी किंवा त्याहून मोठी पांढरी पाटी, मागून प्रकाश येतो. त्यातून घातक अतिनील किरण गाळलेले असतात. सकाळी उठल्याबरोबर, साधारण अर्धा तास, हातभर अंतरावर दिवा ठेवून बसायचं. डोळे उघडे हवेत, पण दिव्याकडे टक लावून बघायचं नाही. समोर किंवा जरा बाजूला ठेवायचा आणि आपलं काम करायचं. चहा प्या, भाजी निवडा, वाचा. रात्री हा दिवा लावायचा नाही, नाहीतर झोप उडते. आणि हिवाळा संपेपर्यंत रोज. मध्येच सोडला तर उदासी परत येते.

पहिले चार दिवस लेकीला काही फरक पडला नाही. उलट डोकं दुखलं, डोळे ताणले. डॉक्टरांनी सांगितलं, थोडा लांब ठेवा, वेळ कमी करून हळूहळू वाढवा. दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी काकूंचा फोन वाजला. लेकीचा. म्हणाली, "आई, थालीपिठाच्या भाजणीला डाळी किती घ्यायच्या?" काकूंनी प्रमाण सांगितलं, फोन ठेवला आणि आमच्याकडे धावत आल्या. डोळ्याला पदर. आम्हाला वाटलं काय झालं. म्हणाल्या, "तिला भाजणी करावीशी वाटली."

हा दिवा गोळ्यांइतका चालतो का? कॅनडातल्याच डॉक्टरांनी ९६ रुग्णांवर ह्याचा अभ्यास केला, तो २००६ साली छापून आला. अर्ध्यांना दिवा, अर्ध्यांना नैराश्याची गोळी. आठ आठवड्यांनी दोन्हीकडे सारखाच गुण, शंभरातल्या ६७ जणांना चांगला फरक. दिव्याचा गुण जरा लवकर दिसला, गोळीला त्रास थोडे जास्त. आणि अमेरिकेत केली रोहन ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दिव्याची तुलना बोलून करायच्या उपचाराशी केली. त्या हिवाळ्यात दोन्ही सारखे. पण दोन हिवाळ्यांनंतर बघितलं, तर ज्यांना विचार आणि सवयी बदलायला शिकवलं होतं, त्यांच्यात आजार परत येण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे दिवा आधार आहे, पण माणसाशी बोलणं, बाहेर पडणं, अंधारातही दिवसाची कामं ठरवून करणं, हेही औषधच आहे.

तो दिवा स्वस्त नाही. तिकडच्या पैशात शंभर-दीडशे डॉलर लागतात. ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी काही शहरांच्या सार्वजनिक वाचनालयांनी असे दिवे ठेवलेत. टोरंटोच्या वाचनालयानं २०१६ साली ही सोय केली. कुणीही यावं, दिव्याजवळ बसून वाचावं, जावं.

आणि नॉर्वेत तर एका गावानंच मिळून तोडगा काढला. रयुकान नावाचं गाव खोल दरीत आहे. सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत डोंगराआड सूर्य दिसतच नाही. पूर्वी, १९२८ साली, तिथं पाळणा बांधला, म्हणजे तारेवरून चालणारी गाडी, की लोकांनी हिवाळ्यात वर जाऊन जरा ऊन अंगावर घ्यावं. मग २०१३ साली डोंगराच्या कड्यावर तीन मोठाले आरसे बसवले. ते सूर्याबरोबर फिरतात आणि ऊन खाली गावच्या चौकात पाडतात. त्या उन्हाच्या तुकड्यात म्हातारी माणसं, पोरंबाळं येऊन बसतात. आपण पारावर बसतो तसं. ज्यांना ऊन मिळत नाही, त्यांना त्याची किंमत बघा.

आता प्रश्न आपला. आपल्याला हा दिवा घ्यायला हवा का?

नाही. आपल्याला नको. आपल्या अंगणात तो रोज फुकट उगवतो. उघड्यावर सकाळच्या सावलीतसुद्धा घरातल्या बल्बच्या कितीतरी पट उजेड असतो. ढगाळ दिवशीही घराबाहेर घरापेक्षा जास्तच. सकाळचा अर्धा तास उघड्यावर गेला की झालं. फक्त सूर्याकडे थेट कधीही बघायचं नाही, त्यानं डोळ्याला कायमची इजा होते. आणि ऐकून घरी हॅलोजनपुढे बसायचं नाही. मोबाईलवर अशा दिव्यांच्या जाहिराती येतात, त्यांनाही भुलायचं नाही. हा उपचार डॉक्टरला विचारूनच. डोळ्याच्या पडद्याचा आजार असलेल्यांनी, मन एकदम चढण्याचा आजार असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय मुळीच नाही. आणखी एक, ह्या दिव्यानं ड जीवनसत्त्व मिळत नाही. ते कातडीवर पडणाऱ्या उन्हातून मिळतं, हा उपचार डोळ्यांवाटे होतो. दोन्ही वेगळं.

पण आपल्याकडे उदासी नसते, असं कुणी समजू नये. आपल्याकडे ती बारा महिने कुणाच्या ना कुणाच्या घरात असते, आणि नुसत्या उन्हानं ती जात नाही. एक उदाहरण सांगतो. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना अंधाऱ्या खोलीत ठेवतात. खिडकी बंद, दाराला पडदा. वारं लागू नये म्हणून. तिला वाऱ्यापासून जपा, पण उजेड का अडवता? सकाळी खिडकी उघडा, तिला दाराशी बसू द्या, बाळासकट. आणि ती सारखी रडत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर 'दृष्ट लागली' म्हणून थांबू नका. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे. आशाताईंना सांगा, दवाखान्यात न्या.

कुठल्याही महिन्यात, कुणाचंही मन सलग दोन आठवडे उदास असेल, कशात गोडी वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टरकडे जायचं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग आहे. आणि एक नंबर आत्ता हातातल्या पिठानंच भिंतीवर लिहा हवं तर, १४४१६. हा सरकारचा टेली मानस नंबर. २०२२ सालापासून चालू आहे. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालतो, मराठीतून बोलता येतं. आणि मरणाचे विचार बोलून दाखवले तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

हल्ली आपल्या गावांतली पोरंपोरी कॅनडाला, जर्मनीला, इंग्लंडला शिकायला, नोकरीला, लग्न होऊन जातात. आपण त्यांच्या पेटीत चटण्या, लोणची, पापड भरतो. आता त्याच्याबरोबर एवढं भरा. दिवाळीनंतर फोनवर 'जेवलीस का' बरोबर 'आज बाहेर पडलीस का' हेही विचारा. सकाळी कितीला उठलीस, कुणाशी बोललीस, विचारा. फोन कमी झाले तर रागावू नका, मोजा. आणि 'तुला काय कमी आहे' हे वाक्य आपल्या तोंडातून काढून टाका. आम्ही गटात तसं ठरवलंय. इतिवृत्तात लिहिलंय, खाली सगळ्यांच्या सह्या आहेत.

त्या कर्जाचं काय झालं, हे राहिलंच. काकूंनी अर्ज मागे घेतला. म्हणाल्या, "शांत मी घरीच करीन, साधी. माझ्या जिवाला बरं वाटायला." आम्ही म्हटलं, करा की. सगळ्या गेलो होतो, प्रसाद खाऊन आलो.

पुढच्या साली लेकीनं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच दिवा काढला. डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं, उदासी यायची वाट बघू नका. दुपारी ऊन असेल तेव्हा पोराला घेऊन बर्फात चक्कर मारायची, हेही ठरवून टाकलं. सगळं अगदी सुरळीत झालं असं नाही. जानेवारीत पोरगा आजारी पडला, दिवा दोन आठवडे तसाच राहिला आणि तिचं मन पुन्हा खाली गेलं. पण ह्या वेळी तिला कळत होतं की काय होतंय. तिनं स्वतः आईला फोन करून सांगितलं, "आई, दोन आठवडे माझे फोन कमी येतील बहुतेक. घाबरू नको, मी दिवा परत सुरू केलाय."

परवा काकूंच्या घरी त्या हिवाळ्याचं कॅलेंडर काढून आम्ही पुन्हा मोजलं. डिसेंबरच्या पानावर, दुधाच्या आकड्यांशेजारी, सतरा 'फो' होते.

मैत्रिणींनो, पुढच्या भागात आपण बोलू, गटाच्या पापड उद्योगाला परवाना कसा काढायचा त्यावर. आज एवढंच. उद्या सकाळी चहाचा कप घेऊन दाराबाहेर या, आणि शेजारणीला हाक मारून विचारा, बरी आहेस ना? तिनं उत्तर दिलं, की ते नीट ऐका. नमस्कार.